मंगळवारच्या सहा बाटल्या

समुद्रावर पीएच.डी. करते म्हणून सांगितलं की आमच्याकडचे लोक आधी माझ्याकडे बघायचे आणि मग खिडकीबाहेर. हिंगोलीत कुठला आलाय समुद्र? एका पाहुण्यानं तर भरल्या पंगतीत विचारलं होतं, "मग पोहता येते का तुला?" नाही येत. मी गणिताची बाई आहे. समुद्र मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला, दोन्ही वेळेला कुणाच्या तरी लग्नाच्या निमित्तानं, आणि दुसऱ्या वेळेला माझी एक चप्पल वाहून गेली. माझं काम खोलीत बसून, कागदावर आणि लॅपटॉपवर.

समुद्राच्या पाण्यात बारीक जीव तरंगत असतात, त्यांना प्लवक म्हणतात. काही वनस्पतीसारखे, उन्हावर जगणारे. काही त्यांनाच चरून खाणारे. मासे या सगळ्यांच्या जिवावर जगतात. गंमत अशी की हे जीव पाण्यात सारखे पसरलेले नसतात. इथं दाट थवा, आणि थोडं पुढं गेलं की काहीच नाही. थवा आतून वाढत असतो, आणि कडेला पाणी हलून हलून विरत असतो. थवा पुरेसा मोठा असला तर वाढ जिंकते, लहान असला तर थोड्या दिवसांत नाहीसा होतो. तो कुठं धरेल, केवढा होईल, कधी मोडेल, हे समीकरणांतून सांगायचं, हा माझा विषय. सहा वर्षं मी याच्यातच होते.

सहा वर्षांत तासिका तत्त्वावर शिकवत राहिले. माझ्या मागून आलेले लोक पीएच.डी. करून कायम झाले, आणि वर मलाच विचारायचे, "मॅडम, कुठपर्यंत आलं?" मुदत मी दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा वाढणार नाही असं विद्यापीठाचं लेखी पत्र आलं. ठरल्या तारखेच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सगळं मातीत. ते पत्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, म्हणजे रोज कपडे काढताना दिसायचं. स्वतःला छळायची मला जुनी सवय आहे.

घोडं अडलं होतं एका गोष्टीवर. गाईड सर म्हणाले, नुसती समीकरणं चालणार नाहीत, खऱ्या पाण्यात मोजलेले आकडे हवेत. मी समुद्राचे आकडे कुठून आणू? जहाजं काय माझ्या बापाची होती? दोन-तीन ठिकाणी अर्ज केले, कुणी पोच देखील दिली नाही. शेवटी सरच म्हणाले, "जवळचं एखादं मोठं पाणी घ्या. समीकरणं तीच राहतील, मापं लहान करू. वर्षभराचे आकडे तिथं जुळले, तर समुद्राबद्दल बोलायला तुम्हाला तोंड राहील."

जवळचं मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वर. आमचं गाव त्या धरणाच्या काठाला. बाबांची शेतीही तिथंच. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात, गुडघे कुरकुरतात, पण घरात बसवत नाही. मी विषय काढला तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, "मी आणून देतो की पाणी. मला कोणतं काम पडलंय?"

मी दोन पानं भरून सूचना लिहिल्या. धरणातल्या सहा जागा, त्यांच्या खुणा. दर मंगळवारी, सकाळी, ऊन चढायच्या आत. हातभर खोलीवरचं पाणी. बाटलीवर जागेचा आकडा आणि तारीख. प्रत्येक बाटलीत आयोडीनचे सहा थेंब, म्हणजे आतले जीव नासणार नाहीत आणि मला सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतील. बूच घट्ट. पहिल्या मंगळवारी मी स्वतः सोबत गेले, मासेमारी करणाऱ्या एका काकांच्या होडीतून सहाही ठिकाणी पाणी भरून दाखवलं. मोजायचं पुढच्या मंगळवारपासून होतं, म्हणून ते तिथंच परत ओतून दिलं. बाबा मान हलवत होते. मध्येच एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी घाईत होते, विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभर बाबांनी ते काम केलं. मंगळवारी भरायचे आणि बुधवारच्या एसटीनं पिशवी मांडीवर घेऊन हिंगोलीला यायचे. पिशवी खाली ठेवायचे नाहीत, खड्ड्यांनी पाणी डचमळेल म्हणून. मी म्हणायची, बाबा, डचमळू द्या, काही होत नाही. ते म्हणायचे, "तुला काय कळतं." मग बाटल्या माझ्या टेबलावर ओळीनं मांडायचे, चहा घ्यायचे आणि परतीची बस धरायचे. कॉलेज सुटल्यावर मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन एकेका थेंबातले जीव मोजायची.

आणि आकडे असे येत होते की डोकं धरून बसावं. माझ्या गणितानं सांगितलं होतं की काठालगतच्या उथळ पाण्यात थवा धरणार, धरणाच्या भिंतीजवळ विरळ होणार, उन्हाळ्यात तर फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा होणार. बाटल्या म्हणत होत्या, कुठंच काही नाही. सहाही ठिकाणी सारखंच, धुळीएवढे अगदी बारके तेवढे जीव. मोठे गायब. चरणारे तर औषधालासुद्धा नाहीत. पावसाळ्यात तेच, हिवाळ्यात तेच. मला वाटलं, संपलं. सहा वर्षं आपण जे करत होतो ते मुळातच चूक होतं.

मग मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते. मी समीकरणांशी मारामारी केली. गणितात दोन आकडे असतात, एक जीव मरण्याचा वेग सांगणारा, दुसरा पाणी किती घुसळतं ते सांगणारा. ते दोन्ही वाढवत नेले. वाढवले, बघितलं, अजून वाढवले. माझ्या स्क्रीनवर थवे धरायचे आणि मी ते मोडायची. मोडा, मरा सगळे! असं आठवडाभर करत राहिले आणि एका दुपारी माझं सगळं धरण सपाट झालं, बाटल्यांसारखं. आकडे जुळले. पण पाणी घुसळण्याचा जो आकडा मी घातला होता, तेवढं घुसळणं ताकाला लागतं. सिद्धेश्वरचं पाणी बिचारं दुपारी ताटातल्या पाण्यासारखं पडून असतं, लहानपणापासून बघते मी. मला हे कळत होतं. कळून मी मान फिरवली. बाटल्यांवर संशय घ्यायला पाहिजे होता, पण बाटल्या बाबांच्या होत्या, आणि बाबा कामात कसूर करणाऱ्यातले नाहीत हे मला माहीत होतं.

सर खूश झाले. "बघा! मी म्हणत नव्हतो? आता हे प्रकरण पक्कं करा आणि बांधायला टाका." तारखेला तीन आठवडे राहिले होते. कितीतरी महिन्यांनी मी पोटभर जेवले.

त्याच आठवड्यात कॉलेजला मंगळवारी सुट्टी आली. वाटलं, बाबांबरोबर एकदा शेवटची फेरी मारून यावं. त्यांनाही बरं वाटेल. वर्षभराचे आकडे तर झालेच होते, पण बाबा काही थांबायला तयार नव्हते. सकाळी गावात पोचले. होडीचे काका वल्हं घेऊन तयारच होते. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता, जसं काही कचेरीत चालले होते.

पहिल्या जागेवर होडी थांबली. बाबांनी पिशवीतून बाटली काढली, टमरेल काढलं, आणि मग कमरेच्या पिशवीतून एक पांढरंशुभ्र फडकं काढलं. जुन्या धोतराचं, चार पदरी घडी केलेलं. ते बाटलीच्या तोंडावर धरलं, अंगठ्यानं मध्ये खळगा केला, आणि टमरेलातलं पाणी त्यावरून हळूहळू ओतायला लागले.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"गाळून राहिलो." मान वर न करता म्हणाले. "बघ की किती घाण हाय. जीव वळवळतेत त्यात. असंच द्यायचं का तुला?"

बाबांनी बाटली भरली, थेंब मोजून टाकले, बूच लावलं. मग ते फडकं उलटं केलं आणि होडीच्या कडेवरून वाकून धरणाच्या पाण्यात खळबळून काढलं. अगदी हलक्या हातानं.

"आणि हे?"

"माझी माय सांगायची, गाळल्यावर फडकं त्याच पाण्यात झटकायचं. जीव हायेत, त्यांना काहून मारायचं? त्यांच्या घरला जाऊ दे."

आमच्या घरी पाणी असंच भरतात. मीसुद्धा भरलंय, हजारो वेळा, हंड्याच्या तोंडाला चारपदरी फडकं लावून. न गाळलेलं पाणी दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे आमच्याकडे त्या माणसाचा अपमान. मी दोन पानं सूचना लिहिल्या, थेंबसुद्धा मोजून लिहिले, आणि गाळू नका एवढं लिहिलं नाही. कुणाच्या डोक्यात येईल? पहिल्या दिवशी मी तसंच पाणी भरलं, तेव्हा बाबांना वाटलं, लेक घाईत फडकं विसरली. काकांसमोर तिला कशाला बोला, म्हणून गप्प बसले होते. हे त्यांनीच मला तिथं, होडीत, हसत हसत सांगितलं.

होडीचे काका म्हणाले, "लय निगुतीनं करतेत बाई तुमचे बाबा. मी म्हणलं कशाला एवढा टाइम लावता, तर म्हणले, लेकीच्या परीक्षेचं पाणी हाय."

म्हणजे वर्षभर मी जे मोजायला निघाले होते तेच बाबांनी दर मंगळवारी गाळून काढलं होतं, आणि वर सांभाळून धरणात परत सोडलं होतं. मला ओरडायचं होतं. होडीत उभं राहून त्या टमरेलासकट सगळं पाण्यात फेकून द्यावंसं वाटलं. मी एवढंच म्हणाले, "उरलेल्या मी भरते."

"गाळ की पण."

"आज नको बाबा. सरांनी एक दिवस तसंच मागितलंय."

"असं व्हय," म्हणाले, आणि फडकं पिळून गुडघ्यावर वाळत घातलं. पाचही जागांवर मी पाणी भरलं. परत येताना पहिल्या जागेवर थांबून तिथलंही नव्यानं भरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पहिला थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला. काय सांगू. नुसती जत्रा! हिरव्या जाळीचे गोल पुंजके, लांब मिशांचे चरणारे जीव, त्यांची पिल्लं. काठालगतच्या बाटलीत मोजता मोजता मान आखडली. भिंतीजवळच्या बाटलीत अगदी तुरळक. मी जुनी फाईल उघडली, मारामारी करायच्या आधीची. मरण्याचे आणि घुसळण्याचे जुने आकडे तिच्यात तसेच होते. सहाही जागा लावून पाहिल्या. जवळजवळ बरोबर बसल्या. माझं गणित पहिल्यापासून बरोबर होतं, आणि हे सिद्ध करायला माझ्याजवळ एका सकाळच्या सहा बाटल्या होत्या. लागत होतं वर्ष. राहिले होते वीस दिवस. मी तिथंच, त्या फॉर्मलिनच्या वासात, ढसाढसा रडले.

सरांना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. प्रबंध बांधून आणा."

"सर, ते आकडे खोटे आहेत."

"खोटे कुठं? मोजलेच ना तुम्ही? परीक्षक काय होडीत बसून बघायला येणारे?"

"मग ते प्रकरण काढून टाकू? नाहीतर परवाचे सहाच आकडे देऊ?"

"मग मी सही करणार नाही. सहा बाटल्यांवर कुणी पीएच.डी. देतं का? तुम्ही स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेताय."

ते वाईट माणूस नाहीत. माझं भलंच बघत होते, त्यांच्या परीनं. पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. वर्गात फळ्यावर उदाहरण मांडायची आणि मध्येच हात थांबायचा. बाबांचा रोज फोन, "दिलं का ग? झालं का?" मी उचलायची नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग आला होता. भयंकर राग. मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोलले, ते कुणाला सांगण्यासारखं नाही. मग डोळ्यांसमोर ते एसटीतले, मांडीवर पिशवी धरलेले दिसायचे आणि माझाच मला राग यायचा. मरून जावं असं एक-दोनदा वाटलं. मी प्रबंध बांधून घेतला. सपाट धरणाचा, जुळलेल्या आकड्यांचा. लाल कव्हर, सोनेरी अक्षरं. नेऊन द्यायचं मी ठरवलं होतं, अगदी पक्कं. दुसरं करणार तरी काय होते? माझ्या वयाच्या बाईला पुन्हा पहिल्यापासून कोण नोंदवून घेतं?

शेवटच्या दिवशी विद्यापीठात गेले. सरांच्या खोलीत एक पान सही करायचं राहिलं होतं. यातली सर्व निरीक्षणं खरी असून त्यांची मी स्वतः खात्री केली आहे, अशा अर्थाचं. पेन हातात होतं. सर शेजारी उभे होते, शिपाई दारात. मी ते वाक्य वाचलं, परत वाचलं. मला त्या दिवशीचे ते लांब मिशांचे जीव आठवत होते. माझ्या प्रबंधात ते कुठंच नव्हते. मी लिहिलं होतं की ते नाहीतच, ते जगूच शकत नाहीत. आणि ते होते, मी डोळ्यांनी बघितले होते. पेनाचं टोपण लावलं.

"एका फडक्यासाठी?" सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं मला वाटलं, नसेलही. मी प्रबंध पिशवीत घातला आणि निघाले. स्टँडवर येऊन बसच्या मागच्या सीटवर बसले. पाच वाजता मुदत संपली तेव्हा बस अजून रस्त्यातच होती.

आठ दिवस मी गावी गेले नाही. नवव्या दिवशी ठरवलं, जाऊन सांगून टाकायचं. सगळं. फडक्यासकट. त्यांच्यामुळे माझं आयुष्य गेलं, त्यांना निदान माहीत तरी असू दे. रस्ताभर वाक्यं जुळवत गेले.

घराच्या दारात एक पेंटर स्टुलावर चढला होता. भिंतीवर पांढरी पट्टी मारून झाली होती, तिच्यावर माझ्या नावासाठी खडूनं रेघा आखल्या होत्या. बाबा खाली डबा धरून उभे होते. मी फोन उचलत नाही म्हणजे कामात असेल, आणि तारीख गेली म्हणजे झालंच असेल, असं ते धरून चालले होते. गावात सांगूनही झालं होतं.

पेंटरनं विचारलं, "डॉक्टर अख्खं लिहू का नुसतं डॉ?"

"अख्खं लिही," बाबा म्हणाले. "जागा हाय की."

"नका लिहू," मी म्हणाले.

दोघांनी वळून बघितलं. बाबांनी पेंटरला चहाला पिटाळलं. मला म्हणाले, "काहून ग?"

"नोंदणी रद्द झाली बाबा. मी दिलाच न्हाई प्रबंध."

ते ओट्यावर बसले. डबा हातातच होता. मी जुळवलेली वाक्यं तोंडाशी आली होती. तेवढ्यात तेच म्हणाले, "श्रावणात एका मंगळवारी माझ्या अंगात ताप होता. तवा पाचच बाटल्या झाल्या. सहाव्या जागेपस्तोर गेलोच न्हाई, तसंच माघारी आलो. तुला सांगितलं होतं मी, पर तू काही बोलली न्हाईस. त्या एका बाटलीनं गेलं का ग पोरी तुझं?"

"न्हाई बाबा."

"खरं सांग. त्यानंच गेलं ना?"

"न्हाई. पाणी बराबर होतं तुमचं. माझं गणित चुकलं."

"तुझं गणित?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. "तुझं गणित तर कधी चुकत न्हाई."

"ह्या वेळेला चुकलं बाबा. पहिल्यापासूनच चुकलं होतं."

बाबांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. डबा बाजूला ठेवून त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडे बघून पेंटरला हाक मारली.

"ये रे," म्हणाले. "नुसतं नाव लिही."